जुनी कायेन घ्यायची असेल, आणि सोलापुरात चालवायची असेल, तर

गाडी बघायला जायच्या आदल्या रात्री विकणाऱ्याला फोन करा आणि एकच विनंती करा: "सकाळी मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं, तर चहा घ्या, गाडी बाहेरून बघा, पण त्या दिवशी सौद्याचं बोलू नका. पुन्हा जा. रात्रभर थंड पडलेलं इंजिन पहिल्या काही सेकंदांत जे सांगतं, ते नंतर दिवसभर सांगत नाही. जुन्या पोर्श कायेनसारख्या गाडीत त्या काही सेकंदांची किंमत लाखांत असते.

मी अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या बाजूला गॅरेज चालवतो. त्याआधी पुण्यात जर्मन गाड्यांवरच काम केलं. दरवर्षी कारखान्यांची बिलं निघाली, कुणाचा प्लॉट विकला गेला, की फोन सुरू होतात. "मालक, पुण्यात एक कायेन बघितलीय, दोन हजार बाराची. नव्या फॉर्च्युनरपेक्षा निम्म्यात देतोय. घेऊ का?" मी उलटा प्रश्न विचारतो, की घेतल्यावर हातात किती उरतात? बहुतेक वेळा फोनवर शांतता होते, कारण असलेले सगळे पैसे त्या गाडीवरच लावायचं ठरलेलं असतं.

नवी कायेन आज दीड कोटीच्या आसपास जाते. दहा-बारा वर्षांत गाडीचा भाव त्याच्या छोट्याशा हिश्श्यावर येतो. पण तिचा वॉटर पंप, तिचे शॉकअब्सॉर्बर, तिचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा भाग) हे अजूनही दीड कोटीच्या गाडीचेच पार्ट असतात, आणि तो भाव कुणी कमी करत नाही. म्हणून माझा हिशेब सरळ आहे. तुमच्याकडे २४ लाख असतील, तर १७-१८ लाखांची गाडी बघा आणि बाकीचे बँकेत पडू द्या. पहिल्या वर्षात ते लागतील असं धरूनच चाला. हे जमत नसेल, तर थांबा. कर्ज काढून जुनी कायेन घेणाऱ्याला मी नेहमी नको म्हणतो. हप्ता आणि दुरुस्ती एकाच महिन्यात आली, की दुरुस्ती मागे पडते, आणि या गाडीत मागे पडलेली छोटी दुरुस्ती मोठी होऊनच परत येते.

आता कुठली कायेन, ते बघू. बाजारात तीन पिढ्या मिळतात, पण विकायला येणाऱ्या बहुतेक पहिल्या दोन पिढ्यांतल्या.

पहिली पिढी २००२-०३ ची. गॅरेजमध्ये आम्ही तिला ९५५ म्हणतो. ४.५ लिटरचं व्ही-८ इंजिन, टर्बोमध्ये ४५० हॉर्सपॉवर. २००७ मध्ये तिचाच सुधारलेला अवतार आला, ९५७, त्यात ४.८ लिटर आणि डायरेक्ट इंजेक्शन. दुसरी पिढी ९५८, म्हणजे २०१० च्या पुढची: आठ गिअरचा ऑटोमॅटिक, वजन कमी, आतला डॅशबोर्ड अजूनही जुना वाटत नाही. आपल्याकडे डिझेल कायेन दिसतात त्या बहुतेक याच पिढीतल्या, ३ लिटरचं व्ही-६, २४५ हॉर्सपॉवर. तिसरी पिढी २०१७-१८ पासूनची. तिच्यात अजून वय बोलत नाही, पण पैसेही तसेच लागतात. तेवढं बजेट असेल, तर कंपनीच्याच 'पोर्श अप्रूव्ह्ड' योजनेतली, वॉरंटीसह मिळणारी गाडी घ्या. त्यापुढे माझ्या सल्ल्याची फारशी गरज नाही.

९५५ बद्दल मी स्पष्ट बोलतो: सोलापूरसाठी घेऊ नका. स्वस्त मिळते, दिसायला दणकट आहे, आवाज तर असा की माणूस त्यावरच भाळतो. पण त्या इंजिनाचे दोन आजार महागात पडतात.

पहिला सिलिंडरचा. या इंजिनाच्या ब्लॉकमध्ये वेगळी लोखंडी स्लीव्ह नसते. अ‍ॅल्युमिनियम-सिलिकॉनच्या मिश्रधातूतच सिलिंडर कोरलेला असतो. पिस्टन आणि भिंत यांच्यामधली तेलाची फिल्म तुटली, की भिंतीवर उभे ओरखडे पडतात. मग इंजिन तेल खायला लागतं, आणि गरम झाल्यावर आतून टक-टक आवाज येतो. थंड इंजिनात साखळीचा (आतल्या टायमिंग चेनचा) आवाज ऐकायचा आणि गरम इंजिनात सिलिंडरचा, म्हणून दोन्ही वेळा कान द्या. सायलेन्सरच्या पाइपात बोट फिरवा. एका बाजूचा पाइप दुसऱ्यापेक्षा जास्त काळा आणि तेलकट असेल, तर त्या बाजूच्या सिलिंडरवर संशय घ्या. स्पार्कप्लग काढून तिथून बारीक कॅमेरा आत सोडला की भिंत दिसते. याला वेळ लागतो आणि विकणारा कुरकुर करतो, करू द्या. ओरखडे पडलेल्या इंजिनाच्या दुरुस्तीचा खर्च अख्ख्या गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतो.

दुसरा आजार कूलंटच्या पाइपांचा. यावर मी जरा थांबणार आहे, कारण एप्रिल-मेमध्ये ४२-४३ डिग्रीत गाडी सात रस्त्याला सिग्नलवर उभी असते, तेव्हा बाकी सगळं बाजूला राहतं आणि फक्त कूलिंग उरतं.

९५५ च्या व्ही-८ मध्ये सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खोबणीत, इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाच्या) खाली, कूलंटचे पाइप जातात. मूळचे पाइप प्लास्टिकचे. वर मॅनिफोल्ड, दोन्ही बाजूंना तापलेलं इंजिन, मध्ये हवा नाही. वर्षानुवर्षं तिथं भाजून प्लास्टिक ठिसूळ होतं आणि एक दिवस चिरतं. कूलंट खोबणीतून मागे वाहतं, गिअरबॉक्स जिथं इंजिनाला जोडला जातो तिथून खाली ठिबकतं. स्टार्टर मोटरही त्याच खोबणीत असते, तीही भिजते. म्हणून "स्टार्टर नुकताच नवा टाकलाय" असं विकणारा अभिमानानं सांगतो, तेव्हा मी स्टार्टर का गेला ते शोधायला लागतो. पुढे कंपनीनंच अ‍ॅल्युमिनियमचे पाइप आणले. ते बसवलेत का, याचं बिल मागा. बिल नसेल, तर कॅमेरा मॅनिफोल्डच्या खाली सरकवून बघा.

४.८ लिटरमध्ये प्लास्टिकचा तो प्रश्न सुटला, पण दुसरा आला. थर्मोस्टॅटच्या हाउसिंगमध्ये कूलंटचा धातूचा पाइप चिकटवून बसवलेला आहे. उष्णतेनं ते चिकटवलेलं सुटतं आणि पाइप हायवेवरच निखळतो. कूलंट मिनिटभरात रस्त्यावर सांडतं, आणि चालवणाऱ्याच्या लक्षात येईपर्यंत काटा लालमध्ये गेलेला असतो. हे काम आधीच करून घेता येतं. हाउसिंग बाहेर काढून तो जोड वेल्ड करतात किंवा स्क्रूनं पक्का करतात. मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक ४.८ च्या मालकाला हे सांगतो, गाडी ठणठणीत असली तरी. व्ही-८ घेणार असाल, तर हा खर्च पहिल्याच महिन्यात धरा.

तपासायचं कसं? एक्स्पान्शन टँकचं झाकण थंड इंजिनावरच उघडा. कूलंट गुलाबी-जांभळट आणि स्वच्छ हवं. तपकिरी, गढूळ किंवा तळाशी पांढरा थर दिसला, तर कुणीतरी बोअरचं पाणी ओतलंय. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड आहे, हे घरातल्या गिझरला विचारा. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत तोच क्षार बसतो. मग झाकणाच्या जागी हातपंप लावून प्रेशर द्या आणि वीस मिनिटं काटा बघत बसा. उतरला, तर कुठंतरी गळती आहे, भले खाली थेंब नसेल. पुढच्या बंपरच्या दोन्ही बाजूंच्या जाळ्यांत टॉर्च मारा. आपल्या रस्त्यांवरची धूळ आणि उसाचं पाचट रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरच्या मध्ये जाऊन बसतं. बाहेरून सगळं धुतलेलं दिसतं, आत मात्र हवा जात नाही.

कूलिंगशिवाय आणखी एक दोष २०१० ते २०१२ च्या व्ही-८ गाड्यांत आहे, म्हणजे सुरुवातीच्या ९५८ एस आणि टर्बोमध्ये. कॅमशाफ्ट अ‍ॅडजस्टरचे (व्हॉल्व्हच्या उघडझापीची वेळ जुळवणाऱ्या भागाचे) बोल्ट सैल होतात. सुटले, तर चालत्या गाडीत इंजिन बंद पडतं आणि आतलं नुकसान वेगळंच. त्या वर्षांची गाडी असेल, तर हे काम झालंय का ते चेसिस नंबर देऊन अधिकृत वर्कशॉपमध्ये विचारा. तोंडी उत्तरावर राहू नका, जॉबकार्ड दाखवा म्हणा.

चेसिस नंबरचा विषय निघालाच आहे, तर तो वाचायला शिका. कायेनचा नंबर डब्ल्यूपी१ नं सुरू होतो आणि त्यात १७ अक्षरं-आकडे असतात. दहावं अक्षर मॉडेल वर्षाचं: बी म्हणजे २०११, सी २०१२, डी २०१३, ई २०१४. आरसी बुकात नोंदणीचं साल २०१३ आणि नंबरात बी, असं असेल तर गाडी दोन वर्षं आधीच्या मॉडेलची आहे. भाव त्याप्रमाणे बोला. हा नंबर काचेखाली, चेसिसवर आणि आरसीवर तिन्ही ठिकाणी जुळलाच पाहिजे.

आता चालवून बघायचं. सोलापुरात मी हे दोन टप्प्यांत करतो.

आधी शहरात. आसरा चौकातून होटगी रोडनं, गर्दीत, एसी पूर्ण चालू. ३० ते ५० च्या वेगात पाय हलकासा दाबा, एकदम नाही. ९५८ मध्ये ट्रान्सफर केसचा आजार इथंच दिसतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला गाडी पुढे जाताना अंगाला बारीक झटके देते. विकणारा म्हणेल, गिअरबॉक्सचं ऑइल बदललं की जाईल. कधीकधी ट्रान्सफर केसचं ऑइल बदलल्यावर काही काळ खरंच कमी होतं, पण झटके परत आले, तर अख्खा ट्रान्सफर केसच बदलावा लागतो. चारही टायर सारख्या मापाचे आणि सारखे झिजलेले आहेत का, तेही इथंच बघा. दोन नवे आणि दोन गुळगुळीत टायर घालून चालवलं, की पुढच्या-मागच्या चाकांचा घेर जुळत नाही आणि तो ताण ट्रान्सफर केस सोसतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही खोल असली, तरी सहा वर्षांच्या पुढचा टायर आपल्या उन्हात बदलायचाच.

९५५-९५७ मध्ये दोन पुढच्या सीटच्या मध्ये, खालून धड-धड आवाज येतो का ऐका. थांबलेली गाडी जोरात उचलली की जास्त कळतो. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या मधल्या बेअरिंगचं रबर फाटतं, त्याचा तो आवाज. हे काम आटोक्यात होतं, फक्त बेअरिंग बदलता येतं. भावात घासाघीस करायला चांगला मुद्दा आहे, सौदा मोडायला नाही.

दुसरा टप्पा तुळजापूरचा. दुपारी निघा, उन्हात. मोकळ्या रस्त्यावर गाडी चांगली तापू द्या, मग तुळजापूरचा घाट चढवा. घाटात इंजिनावर सलग ताण येतो, तेव्हा तापमानाचा काटा मधून हलता कामा नये. मिसफायर असेल, तर तोही चढावर कळतो. पेट्रोल गाड्यांत इग्निशन कॉइल तडकतात आणि गाडी अडखळते. कॉइलचा खर्च मोठा नाही. उतरताना ब्रेक दाबून स्टिअरिंग थरथरतं का बघा. दोन टनांच्या वरची गाडी आहे, ब्रेक डिस्क झपाट्यानं झिजतात. पिवळ्या कॅलिपरची गाडी असेल, तर ते सिरॅमिक ब्रेक आहेत. त्यांच्या डिस्कचा भाव आधी विचारा आणि मगच गाडीवर जीव लावा. वर पोचल्यावर इंजिन चालू ठेवूनच दहा मिनिटं उभी करा, एसी चालू. नंतर बोनेट उघडून वास घ्या. गोडसर वास म्हणजे कूलंट, जळका वास म्हणजे कुठल्यातरी गॅस्केटमधून तापलेल्या भागावर ठिबकणारं तेल.

एअर सस्पेन्शन असेल, तर एक टेप सोबत घ्या. संध्याकाळी गाडी सपाट जागी लावून चाकाच्या मधल्या बिंदूपासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर चारही बाजूंनी मोजा, कागदावर लिहा. सकाळी पुन्हा मोजा. एक कोपरा खाली बसलेला असेल, तर एअर स्प्रिंग किंवा व्हॉल्व्ह गळतोय. गळणाऱ्या स्प्रिंगमुळे कॉम्प्रेसर सतत पळतो आणि शेवटी तोही जातो. मग गाडी सर्वांत खालच्या लेव्हलवरून सर्वांत वर न्या. ती न कुरकुरता चढली पाहिजे.

स्कॅनर लावणं वेगळं आणि स्कॅनर वाचणं वेगळं. बाजारात कुणीही पोरगा छोटं यंत्र लावून "एकही एरर नाही" म्हणतो. विकायच्या आधी कोड पुसणं दोन मिनिटांचं काम आहे. मला आजचे कोड नको असतात, मला जुन्या नोंदी हव्या असतात. पोर्शचं स्वतःचं यंत्र, किंवा फोक्सवॅगन गटाच्या गाड्या नीट वाचणारं यंत्र, प्रत्येक मॉड्यूलमध्ये, म्हणजे गाडीतल्या प्रत्येक छोट्या कॉम्प्युटरमध्ये, वेगळं शिरतं. बऱ्याच दोषांसोबत तो कितव्या किलोमीटरला आला, हे साठवलेलं असतं. मीटरवर ६१ हजार आणि गिअरबॉक्सच्या मॉड्यूलमध्ये ९२ हजारांवरचा दोष, हे मी प्रत्यक्ष बघितलंय. पुण्यातल्या एका डीलरकडची गाडी होती. मीटर मागे फिरवणारा प्रत्येक मॉड्यूल मागे फिरवत नाही. इतका खर्च तो करत नाही.

दुसरा पुरावा गाडीच्या आतच असतो: ब्रेक पेडलचं रबर, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड, स्टिअरिंगचं चामडं. ४० हजार चाललेल्या गाडीत हे गुळगुळीत होत नाहीत.

पुराच्या गाड्यांकडे खास लक्ष द्या. हैदराबाद आपल्याला जवळ, थेट हायवे आहे, आणि तिकडच्या गाड्या इकडे सर्रास येतात. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादेत, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच सीनेकाठी पाणी शिरलं. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आतल्या भागावर मातीची रेघ किंवा कुबट वास आला, तर संपलं. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले आहेत का बघा. कायेनची बॅटरी पुढच्या सीटखाली असते, तिथला गालिचा उचलून हात फिरवा. पुरात न गेलेल्या कायेनमध्येही तिथं ओल सापडते, कारण वायपरखालच्या आणि सनरूफच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या धुळीनं आणि पानांनी तुंबतात आणि पावसाचं पाणी आत उतरतं. ती ओल नळ्या साफ केल्यावर थांबते. पण वायरिंगच्या जोडांवर हिरवट गंज चढला असेल, तर त्या गाडीच्या इलेक्ट्रिकच्या तक्रारी कधी संपणार नाहीत.

पेट्रोलबद्दल बोलायलाच हवं, कारण आपल्या जिल्ह्यातलेच कारखाने इथेनॉल बनवतात आणि तेच पंपावर २० टक्के मिसळून परत येतं. पहिल्या दोन पिढ्यांच्या कायेन २० टक्के इथेनॉल समोर ठेवून बनवलेल्या नाहीत. इंधनाच्या लाइनचे रबराचे भाग कडक झालेत का, फुगलेत का, ते तपासून बदला. गाडी दोन-दोन महिने उभी राहणार असेल, तर टाकी अर्धी ठेवू नका, कारण इथेनॉल हवेतली ओल ओढतं. आणि या इंजिनांना जास्त ऑक्टेन लागतं. सोलापुरात जिथं प्रीमियम पेट्रोल मिळतं, तो पंप ठरवून ठेवा.

म्हणूनच, महिन्यातून तीन-चारदा पुणे-हैदराबाद करणाऱ्या माणसाला मी ९५८ डिझेल सुचवतो, २०१३ ते २०१६ ची, पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड असलेली. ५५० न्यूटन-मीटर टॉर्क आहे, हायवेला चुटकीसरशी ओव्हरटेक होतो. तिच्यात थंड स्टार्टला मागच्या बाजूनं, गिअरबॉक्सच्या दिशेनं, साखळीचा खरखराट ऐका. साखळ्या तिकडेच असल्यानं ते काम मोठं निघतं. डीपीएफ फिल्टरसाठी (धुरातली काजळी अडवणाऱ्या) लांबचा प्रवास चांगला असतो. गाडी फक्त जुळे सोलापूर ते नवी पेठ एवढीच फिरणार असेल, तर डिझेल घेऊ नका. फिल्टर तुंबेल. २०१५ च्या हरित लवादाच्या आदेशानं आणि २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या अडचणीत आल्या, त्या तिकडून स्वस्तात निघतात. भाव बघून भुलू नका. एनओसी, कर आणि इथलं पासिंग, सगळं जोडून हिशेब करा.

टर्बो व्ही-८ ची हौस मला समजते. ज्याच्या घरी रोजच्यासाठी दुसरी गाडी आहे, त्यानं ती खुशाल घ्यावी.

इतर कंपन्यांचं थोडक्यात. रेंज रोव्हर स्पोर्टच्या ५ लिटर सुपरचार्ज्ड इंजिनात, विशेषतः २०१० ते २०१३ च्या गाड्यांत, साखळीचे टेन्शनर आणि प्लास्टिकचे कूलंट पाइप बघा. तिच्या ३ लिटर डिझेलमध्ये क्रँकशाफ्ट तुटण्याचा धोका आहे आणि तो आधी सांगून येत नाही. बीएमडब्ल्यू एक्स-५ एम मध्ये टर्बो इंजिनाच्या खोबणीतच बसवलेत, तिथली उष्णता व्हॉल्व्हचे सील खाते आणि इंजिन तेल प्यायला लागतं. आपल्या उन्हाळ्यात ती मी सुचवत नाही. मर्सिडीज एमएल-६३ च्या ६.२ लिटर इंजिनात सुरुवातीच्या गाड्यांचे हेड बोल्ट आणि कॅमशाफ्ट तपासा. यांतल्या कशापेक्षाही कायेन मला बरी वाटते. तिचा पाया फोक्सवॅगन टुआरेग आणि ऑडी क्यू-७ शी सामायिक आहे, त्यामुळे सस्पेन्शनचे बरेच पार्ट त्याच मूळ उत्पादकाकडून, पोर्शचा डबा नसलेले, कमी भावात मिळतात. पार्ट नंबर जुळवूनच मागवा.

कागदपत्रं. वाहन पोर्टलवर नंबर टाकून मालक कितवा, बोजा आहे का, चलनं किती, विमा कधीपर्यंत, हे टोकन देण्याआधी बघा. फॉर्म २९ आणि ३०, बोजा असेल तर ३५ आणि बँकेचं पत्र, परराज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. केए पासिंगची गाडी विजापूरहून येते, नातेवाइकाच्या नावावर राहते आणि वर्षानुवर्षं इथंच फिरते, हा प्रकार करू नका. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी राहिली, तर कायद्यानं इथली नोंदणी घ्यावीच लागते. पुद्दुचेरी पासिंगच्या आलिशान गाड्यांचंही तेच. गाडी कंपनीच्या नावावर असेल, तर सही करणाऱ्याचं अधिकारपत्र घ्या. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करा. नो-क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तुम्हाला मिळणार नाही.

किल्ल्या दोन्ही घ्या. एकच असेल, तर दुसरीचा खर्च भावातून वजा करा.

टोकनचं एकच सांगतो. "आज रात्री दुसरं गिऱ्हाईक येतंय" असं कुणी म्हटलं, तर येऊ द्या. तपासणी झाल्याशिवाय एक रुपया देऊ नका, आणि दिलात तर पावतीवर लिहून घ्या की तपासणीत दोष निघाला तर टोकन परत. हे लिहून द्यायला जो तयार नाही, त्याला गाडीची अवस्था माहीत आहे. तपासणी विकणाऱ्याच्या ओळखीच्या गॅरेजात नको. पुण्यात गाडी असेल, तर तिथल्या एखाद्या स्वतंत्र वर्कशॉपला पैसे देऊन लिफ्टवर चढवा.

गाडी घरी आली, की पहिल्या आठवड्यात इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलची ऑइलं बदला, ब्रेक फ्लुइड आणि कूलंट बदला, मागचा मालक काहीही म्हणो. इंजिन ऑइल सोलापुरात १५ हजारांवर नेऊ नका, ७-८ हजारांत बदला. धूळ आणि उष्णता दोन्ही इथं जास्त आहेत. एअर फिल्टर काढून बघत चला, विशेषतः ऊसतोडीच्या महिन्यांत.

आणि बंद पडली तर काय, तेही आधीच ठरवा. पोर्शचं अधिकृत वर्कशॉप सोलापुरात नाही. टेंभुर्णीला रात्री अडकलात, तर फ्लॅटबेडच लागेल. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी दोन चाकं उचलून ओढत नेली, की ट्रान्सफर केस जातो. फ्लॅटबेडवाल्याचा नंबर फोनमध्ये ठेवा आणि विम्यात रोडसाइड असिस्टन्स किती किलोमीटरपर्यंत आहे, ते वाचा. गाडी वर ओढायला लागणारा टोइंगचा हुक टूलकिटमध्ये असतो. ताबा घेतानाच तो आहे का बघा, पुढच्या बंपरवरचं छोटं झाकण काढा आणि हुक आट्यांत पूर्ण फिरवून बसवून बघा. नीट बसला नाही, तर उलट्या दिशेनंही फिरवून बघा; तरीही बसला नाही, तर बंपरच्या मागे कधीतरी मार लागलेला असू शकतो. अशा वेळी बंपर खोलून आतला क्रॉस मेंबर (आडवा सांगाडा) बघितल्याशिवाय बाकीचे पैसे देऊ नका.